भूरसायनशास्त्रज्ञाचे निबंध मोजण्याआधी वाचले जावेत : निवड आणि पदोन्नती समित्यांच्या सदस्यांना खुले पत्र

महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या निवड आणि पदोन्नती समित्यांच्या सन्माननीय सदस्यांस,

सविनय नमस्कार.

मी भूरसायनशास्त्राचा, म्हणजे खडकांच्या आणि पाण्याच्या रसायनाचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राचा, निवृत्त अध्यापक आहे. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत विषयतज्ज्ञ म्हणून आपल्यासारख्याच समित्यांवर बसण्याचा योग मला अनेकदा आला. त्यांतील एक बैठक अजून मनातून जात नाही. भूविज्ञान विभागातील एका जागेसाठी दोन उमेदवारांच्या फायली समोर होत्या. एकाच्या नावावर बासष्ट शोधनिबंध आणि एच-इंडेक्स (निबंधांच्या उद्धरणांवरून काढलेले एक माप) 19 होता, तर दुसरीच्या नावावर चौदा निबंध आणि एच-इंडेक्स 7. पहिल्याचे बहुतेक निबंध भूजलाच्या गुणवत्तेवर होते, दर तालुक्याला एक असे, आणि त्यांतील आकृत्यांचा क्रमसुद्धा निबंधागणिक बदललेला नव्हता. दुसरीने सह्याद्रीच्या एकाच पट्ट्यात नऊ वर्षे चढउतार करून एकेका लाव्हाप्रवाहाचे नमुने घेतले होते, त्यांचे विश्लेषण केले होते, आणि तिच्या तीन निबंधांतील आकड्यांचे तक्ते बाहेरचे संशोधक गट वापरू लागले होते. मुलाखत सुरू होण्याआधीच कार्यालयाने केलेल्या तक्त्यात दोघांचे गुण भरलेले होते. मी आदल्या दोन रात्री दोघांचेही निबंध वाचून गेलो होतो, पण बोलायला मिळालेल्या चार मिनिटांत ते मांडता आले नाही, आणि मी अधिक आग्रहही धरला नाही. त्या तक्त्यावर माझीही सही आहे. हे पत्र लिहिण्यामागे ती खंत आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे की भूरसायनशास्त्रातील संशोधकाची प्रकाशने आणि त्यांना मिळालेली उद्धरणे, म्हणजे ज्यांना आपण सगळेच सायटेशन म्हणतो ती, या आकड्यांचा अर्थ निबंध उघडल्याशिवाय लागत नाही. इतर शास्त्रांनाही हे थोडेफार लागू असेल. माझ्या विषयाला ते विशेष का लागू आहे, हे मी उदाहरणांसह सांगू इच्छितो, कारण समितीतील बहुतेक सदस्य अन्य शाखांचे असतात आणि त्यांना हे ठाऊक असावे अशी अपेक्षा करणे योग्य नाही.

आधी या मापांविषयी थोडे सांगतो. यूजीन गारफील्ड यांनी उद्धरणांची सूची करण्याची कल्पना 1955 मध्ये मांडली आणि 1964 मध्ये सायन्स सायटेशन इंडेक्स प्रत्यक्षात आला, तेव्हा त्याचा उद्देश एका निबंधावरून त्याच विषयाच्या पुढच्या निबंधांपर्यंत पोहोचण्याची वाट शोधणे हा होता. ग्रंथपाल आणि अभ्यासक यांच्या सोयीचे ते साधन होते. इम्पॅक्ट फॅक्टर हे माप तर व्यक्तीचे नसून संशोधनपत्रिकेचे आहे : त्या पत्रिकेत मागील दोन वर्षांत आलेल्या लेखनाला चालू वर्षात सरासरी किती उद्धरणे मिळाली, एवढेच ते सांगते. एच-इंडेक्स हे पदार्थवैज्ञानिक होर्हे हिर्श यांनी 2005 मध्ये सुचवलेले माप आहे. एखाद्याच्या दहा निबंधांना प्रत्येकी किमान दहा उद्धरणे असतील तर त्याचा एच-इंडेक्स 10. एका आकड्यातून माणसाच्या कामाचा केवळ ढोबळ अंदाज येतो आणि इतर अनेक गोष्टी पाहाव्या लागतात, हे खुद्द हिर्श यांनी त्याच निबंधात नोंदवून ठेवले आहे. आपल्याकडे माप आले, सोबतची सूचना मात्र वाटेत राहिली.

या मापाचे गणित एकदा कागदावर करून पाहावे. एका संशोधिकेच्या पाच निबंधांना अनुक्रमे 120, 40, 6, 5 आणि 3 उद्धरणे आहेत असे समजू. एकूण 174, आणि एच-इंडेक्स 4. दुसऱ्या संशोधकाचे बारा निबंध आहेत आणि प्रत्येकाला बरोबर बारा उद्धरणे, म्हणजे एकूण 144, पण एच-इंडेक्स 12. पहिलीच्या 120 उद्धरणांच्या निबंधाने कदाचित एका प्रदेशाच्या अभ्यासाची दिशा बदलली असेल, पण हे माप त्या निबंधाला चौथ्या उद्धरणानंतर पाहतच नाही.

आता भूरसायनशास्त्राकडे येतो. या विषयातील सर्वाधिक उद्धृत लेखनांपैकी एक म्हणजे सन आणि मॅकडोनो यांचे 1989 मधील महासागरी बेसाल्टवरील, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकावरील, लेखन. लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या विशेष प्रकाशनमालेच्या 42 व्या खंडातील ते एक प्रकरण आहे आणि त्याची उद्धरणे वीस हजारांच्या पुढे गेली आहेत. त्यातील सिद्धान्त महत्त्वाचे आहेतच, पण एवढी उद्धरणे मुख्यतः त्यातील एका तक्त्यामुळे झाली. कॉन्ड्राइट प्रकारचे अशनी, पृथ्वीचे आद्य प्रावरण (कवचाखालच्या जाड थराचे मूळ रूप) आणि मध्यसागरी पर्वतरांगांवरील बेसाल्ट यांत एकेक मूलद्रव्य किती प्रमाणात असते त्याचे आकडे त्या तक्त्यात आहेत, आणि जगात कुठेही खडकाचे विश्लेषण करणारा माणूस आपले आकडे त्या आकड्यांनी भागून आलेख काढतो. आमच्या विषयात उद्धरण पुष्कळदा असे वापराचे असते. सुताराने गुण्या उचलावा तसा एखादा तक्ता, एखादी आकृती किंवा एखादी पद्धत उचलली जाते. जे लेखन साधन होऊन बसते त्याची उद्धरणे हजारांत जातात. जे लेखन एखाद्या डोंगराविषयीचे प्रश्न सोडवते त्याची उद्धरणे, त्या डोंगरावर काम करणारे जगात चाळीसच लोक असतील तर, चाळीस लोक देतील तेवढीच असतात. या दोन आकड्यांची तुलना करणे म्हणजे पाटीवरच्या भाजीची आणि पेढीवरच्या सोन्याची एकाच वजनकाट्यावर किंमत ठरवण्यासारखे आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांतील गुणांचा तक्ता या प्रकरणाला लावून पाहावा, अशी माझी विनंती आहे. त्यात संपादित पुस्तकातील प्रकरणाला 5 गुण आहेत. सन आणि मॅकडोनो यांचे लेखन पुस्तकातील प्रकरण म्हणून गणले गेले, तर दोन लेखक असल्याने प्रत्येकाच्या वाट्याला त्याचे सत्तर टक्के म्हणजे साडेतीन गुण येतील. शास्त्रशाखांच्या शोधनिबंधाला 8 गुण आणि इम्पॅक्ट फॅक्टरप्रमाणे वरून 5 पासून 30 पर्यंतची भर अशी त्या तक्त्याची रचना असल्यामुळे, एखाद्या बऱ्या पत्रिकेतला साधासा निबंध या लेखनाच्या कितीतरी पुढे जाईल. तक्ता करणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे मला म्हणायचे नाही. पण भूरसायनशास्त्रातले मूलभूत लेखन कुठल्या रूपात येते याची कल्पना त्या तक्त्याला नाही, आणि ती समितीला असायला हवी.

दख्खनच्या पठाराचे उदाहरण आपल्या घरचे आहे, म्हणून त्यावर थोडा अधिक वेळ घेतो. सह्याद्रीच्या कोणत्याही घाटात उभे राहिले तर काळ्या कातळाच्या पायऱ्या दिसतात. प्रत्येक पायरी म्हणजे एक किंवा अनेक लाव्हाप्रवाह. डोळ्यांना ते जवळपास सारखेच दिसतात. काही प्रवाहांत फेल्डस्पारचे मोठे स्फटिक असतात आणि काही ठिकाणी दोन प्रवाहांच्या मध्ये तांबड्या मातीचा थर असतो, पण एवढ्या खुणांवरून खंडाळ्याचा प्रवाह महाबळेश्वरच्या प्रवाहाशी जोडता येत नाही. तो जोडता आला तो रसायनशास्त्रामुळे. कीथ कॉक्स आणि ख्रिस हॉक्सवर्थ यांनी 1985 मध्ये महाबळेश्वर परिसरातील प्रवाहांची रासायनिक स्तररचना मांडली. 1986 मध्ये बीन, टर्नर, हूपर, सुब्बाराव आणि वॉल्श यांनी पश्चिम घाटाच्या मोठ्या भागासाठी ती वाढवली. टायटॅनियम, बेरियम, स्ट्राँशियम, झिर्कोनियम आणि निओबियम यांची प्रमाणे आणि स्ट्राँशियमच्या समस्थानिकांचे (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचे) गुणोत्तर यांवरून प्रवाहांचे गट पडले, आणि त्या गटांना आपल्या गावांची आणि घाटांची नावे मिळाली : जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर आणि दक्षिणेकडे पन्हाळा, देसूर. स्ट्राँशियम 87 आणि 86 यांचे गुणोत्तर आंबेनळीच्या प्रवाहांत 0.704 च्या आसपास असते, तर बुशेच्या प्रवाहांत ते 0.71 ओलांडते. वर येताना शिलारसाने जुन्या कवचाचा किती अंश पोटात घेतला, हे त्या तिसऱ्या दशांश स्थळावरून कळते.

हे काम ज्यांनी केले त्यांनी घाटरस्त्यांच्या कडेने, ओढ्यांतून आणि कडेकपाऱ्यांतून चढत जाऊन, प्रत्येक प्रवाहाची उंची नोंदवून, विदारण न झालेला ताजा खडक फोडून नमुने घेतले आहेत. पाठीवर दगड घेऊन उतरणे हा त्यातला सोपा भाग असतो. दगड कशात दळला हेही पाहावे लागते : टंगस्टन कार्बाइडच्या भांड्यात दळला तर पुडीत टंगस्टन, कोबाल्ट आणि टँटलम मिसळते, आणि मग त्या मूलद्रव्यांवर बांधलेला निष्कर्ष डोंगराचा न राहता भांड्याचा होतो. असा एक परिच्छेद निबंधाच्या पद्धतीच्या भागात लपलेला असतो. तो वाचणारा तज्ज्ञ दोन मिनिटांत ओळखतो की समोरचा माणूस प्रयोगशाळेत स्वतः उभा राहिलेला आहे की नाही.

त्या काळच्या भारतीय संशोधनाचा बराच भाग बंगळूरच्या जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या ग्रंथांतून आणि नियतकालिकातून आला. मुंबईच्या आयआयटीतील के. व्ही. सुब्बाराव आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयातील आर. एन. सुखेश्वाला यांनी संपादित केलेला 1981 चा दख्खनविषयक ग्रंथ, आणि पुढे सुब्बाराव यांनीच संपादित केलेला 1988 चा ग्रंथ, यांच्याशिवाय दख्खनवर काम करणाऱ्याचे पान हलत नसे. या ग्रंथांना इम्पॅक्ट फॅक्टर नाही.

पुढची गोष्ट समितीने विशेष लक्षात घ्यावी. 2019 च्या फेब्रुवारीत सायन्स या पत्रिकेच्या एकाच अंकात दख्खनच्या लाव्हाच्या वयाविषयी दोन निबंध आले. एका गटाने प्रवाहांमधल्या तांबड्या थरांतील झिरकॉन स्फटिकांवर युरेनियम-शिसे पद्धतीने काम केले होते, तर दुसऱ्याने बेसाल्टवर आर्गॉन पद्धतीने. 6.6 कोटी वर्षांपूर्वी डायनासोर नाहीसे झाले त्यात या ज्वालामुखीचा वाटा किती, हा प्रश्न असल्याने दोन्ही निबंधांची जगभर चर्चा झाली, आणि उद्धरणे भराभर आली. ते निबंध उत्तमच आहेत. पण त्यांतील प्रत्येक आकडा ‘पोलादपूर’, ‘आंबेनळी’, ‘महाबळेश्वर’ या चौकटीत बसवलेला आहे, आणि ती चौकट त्याच्याही तीस वर्षे आधी घाट चढलेल्या लोकांनी उभी केली. नवा निबंध लिहिणारा शेवटच्या दहा वर्षांतले निबंध उद्धृत करतो, आणि ते निबंध त्याआधीचे. जोत्याचा दगड अशा रीतीने हळूहळू उद्धरणांच्या यादीतून दिसेनासा होतो. उद्या आपल्याकडे एखादी तरुण संशोधिका विदर्भातल्या किंवा मराठवाड्यातल्या प्रवाहांसाठी अशीच चौकट घालत असेल, तर तिची उद्धरणे आज कमीच असणार. तिचे काम वापरणारे लोक अजून आलेले नाहीत.

वेळेच्या या प्रश्नाला मुंबईशी नाते असलेले आणखी एक उदाहरण आहे. देवेंद्र लाल यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बर्नार्ड पीटर्स यांच्यासोबत विश्वकिरणांवर, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांवर, काम सुरू केले. विश्वकिरणांच्या माऱ्याने वातावरणात आणि खडकांत बेरिलियम-10 सारखी किरणोत्सारी समस्थानिके कशी आणि किती तयार होतात, याचा हिशेब लाल आणि पीटर्स यांनी 1967 मध्ये मांडला, तोही एका जर्मन ज्ञानकोशमालेतील प्रकरणाच्या रूपात. खडकातील इतके अल्प अणू मोजण्याचे यंत्र तेव्हा अस्तित्वात नव्हते. त्वरकावर आधारित मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे अणू वजनानुसार वेगळे करून मोजणारी यंत्रे, सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आले, ऐंशीच्या दशकात पद्धती रुळल्या, आणि लाल यांनी 1991 मध्ये अर्थ अँड प्लॅनेटरी सायन्स लेटर्स या पत्रिकेत एकट्याच्या नावाने लिहिलेला निबंध हा कातळाची झीज आणि उघड्या पृष्ठभागाचे वय मोजणाऱ्या प्रत्येकाचा आधार झाला. 1997 मध्ये त्यांना भूरसायनशास्त्रातील गोल्डश्मिट पदक मिळाले. पहिल्या मांडणीपासून तिचा व्यापक वापर होईपर्यंत सुमारे पंचवीस वर्षे गेली. आपला पदोन्नतीचा कालखंड बहुधा तीन ते पाच वर्षांचा असतो.

क्लेअर पॅटरसन यांची गोष्ट आमच्या वर्गांत दरवर्षी सांगितली जाते. अ‍ॅरिझोनातील विवर ज्या अशनीमुळे झाले त्याच्या तुकड्यांतील आणि इतर अशनींतील शिशाची समस्थानिके मोजून त्यांनी पृथ्वीचे वय 455 कोटी वर्षे ठरवले. तो निबंध 1956 मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो आकडा जवळजवळ तसाच टिकला. पण आज शाळेच्या पुस्तकात पृथ्वीचे वय लिहिताना त्यांचे नाव कोण देतो? एखादा शोध इतका खरा ठरतो की त्याचा स्रोत सांगण्याची गरज कुणाला वाटत नाही, आणि उद्धरणांचा आलेख खाली वळतो. या मोजणीसाठी त्यांना प्रयोगशाळेतले शिसे हटवावे लागले, आणि ते सगळीकडून येत आहे हे त्यांच्या ध्यानात आले : हवेतून, नळांतून, माणसाच्या कपड्यांतून. 1965 मध्ये त्यांनी मानवी शरीरातील आणि पर्यावरणातील शिसे हे नैसर्गिक पातळीच्या कितीतरी पट आहे असे लिहिले. पेट्रोलमधल्या शिशावर ज्यांचा व्यवसाय उभा होता त्यांना ते रुचले नाही, आणि पॅटरसन यांना निधीही गमवावा लागला. आपल्या देशात 1 फेब्रुवारी 2000 पासून शिसेविरहित पेट्रोल सर्वत्र सक्तीचे झाले. मुंबई-पुण्यातल्या मुलांच्या रक्तातले जे शिसे त्यानंतर कमी झाले, त्याची नोंद कुठल्याही एच-इंडेक्समध्ये होत नाही.

आता दुसरी बाजू. उद्धरणे जास्त म्हणजे प्रभाव खोल, असे आमच्या विषयात नेहमी म्हणता येत नाही. रोनाल्ड गिब्स यांनी 1970 मध्ये सायन्समध्ये एक आकृती दिली. जगातील नद्या आणि सरोवरे यांच्या पाण्याचे रसायन पाऊस, खडक आणि बाष्पीभवन यांपैकी कशाने ठरते, हे ती दाखवते. भूपृष्ठावरील पाण्यासाठी केलेली ही आकृती आपल्याकडे विहिरींच्या आणि कूपनलिकांच्या पाण्यावरील निबंधांत सर्रास येते. भूजलाला ती लावण्यात काय अडचणी आहेत हे 2018 मध्ये मारांडी आणि शँड यांनी अप्लाइड जिओकेमिस्ट्रीमध्ये सविस्तर लिहिले, तरी प्रघात चालूच आहे. तालुक्यातले चाळीस नमुने घ्यावेत, पाण्याचे रासायनिक प्रकार दाखवणारी पायपर यांची 1944 ची आकृती काढावी, गिब्स यांची काढावी, सिंचनयोग्यतेचे निर्देशांक द्यावेत, आणि पाणी खडकाशी झालेल्या क्रियेमुळे असे आहे असा निष्कर्ष लिहावा. असे निबंध एकमेकांना उद्धृत करतात, कारण प्रस्तावनेत आधीच्या अभ्यासांची रांग लावावीच लागते. त्यांतील सगळेच निकृष्ट नसतात, हेही स्पष्ट सांगतो. चंद्रपूर, यवतमाळ आणि नांदेड जिल्ह्यांत फ्लोराइडचा प्रश्न खरा आहे, लोकांचे दात आणि हाडे त्याने खराब झाली आहेत, आणि कुठल्या खडकातून कुठल्या खोलीवर ते येते हे काळजीपूर्वक शोधणारा निबंध अमोल आहे. पेयजलात लिटरमागे 1 मिलिग्रॅम ही स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 ही कमाल मर्यादा आहे. यांच्या मधल्या आकड्यावर एखाद्या गावाचा हातपंप बंद करायचा की नाही हे ठरते, म्हणून तिथे मोजणीची अचूकता फार मोलाची. अशा अभ्यासाचा अहवाल जिल्हा परिषदेने किंवा भूजल सर्वेक्षण यंत्रणेने वापरला, तर ते उद्धरण कुठे नोंदले जाते? कुठेच नाही. तेव्हा एकाच शीर्षकाखाली साचेबंद निबंधही येतात आणि गावाचे पाणी बदलणारेही. दोन्हींची उद्धरणे सारखी असू शकतात, आणि फरक वाचल्यावरच दिसतो.

सहलेखकांच्या यादीबद्दलही बोलले पाहिजे. समस्थानिके मोजणारी चांगली यंत्रे देशात मोजक्या ठिकाणी आहेत. महाविद्यालयातला अध्यापक नमुने घेऊन तिथे जातो, यंत्राचा वेळ मिळण्यासाठी महिनोन्‌महिने थांबतो, आणि निबंधावर यंत्रशाळेतील चार-पाच नावे येतात. कधी ती रास्त असतात, कारण मोजणी हेच त्या निबंधाचे हृदय असते. कधी ती केवळ यंत्र वापरू दिल्याची परतफेड असते. दोनपेक्षा जास्त लेखक असतील तर प्रथम लेखकाला किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला सत्तर टक्के आणि इतरांना प्रत्येकी तीस टक्के हा नियम यांतला फरक ओळखू शकत नाही. मोठ्या यंत्रशाळेत बसलेल्या माणसाचे नाव वर्षाला वीस निबंधांवर येते आणि घाट चढणाऱ्याचे एका. त्याने कोणता नमुना का निवडला, हे मुलाखतीत एकदा विचारले तरी पुष्कळ उलगडते.

तक्ते देणाऱ्यांचे आणखी एक दुखणे आहे. जिओरॉकसारख्या माहितीकोशांत जगभरच्या खडकांची विश्लेषणे एकत्र केलेली असतात, आणि त्यावर मोठमोठे संकलित अभ्यास होतात. त्यांत बहुधा कोशाचा उल्लेख होतो आणि मूळ निबंधांची नावे पुरवणीच्या फायलीत जातात, जिथे उद्धरण मोजणारी यंत्रणा पोहोचतेच असे नाही. स्वतःचे आकडे प्रमाण खडकांच्या (ज्यांचे रसायन आधीच पक्के ठाऊक असते अशा नमुन्यांच्या) मोजणीसह प्रामाणिकपणे उघड करणारा संशोधक असा कोशात विरघळून जातो.

आपली बाजूही मी जाणतो. एका दिवसात तीस मुलाखती असतात, निवडीला न्यायालयात आव्हान मिळू शकते, माहिती अधिकारात कागद मागवले जातात. आकड्यांचा आग्रह आपल्याकडे उगाच आला नाही : वशिला, ओळखपाळख आणि जात पाहून नेमणुका होण्याचा अनुभव पिढ्यांनी घेतला आहे, आणि ज्याच्या मागे कुणी उभे नाही अशा उमेदवाराला ‘माझे एवढे निबंध आहेत’ हे सांगता येणे हा मोठा आधार होता. तो आधार काढून घ्यावा असे मी कधीच म्हणणार नाही. परंतु आकड्याने वशिला संपला का, याचाही विचार व्हावा. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके याच आग्रहातून फोफावली, आणि 2018 च्या मे महिन्यात विद्यापीठ अनुदान आयोगाला आपल्याच मान्य यादीतून 4305 नियतकालिके काढावी लागली. त्यानंतर आलेली मान्य नियतकालिकांची केअर यादीही 2025 च्या फेब्रुवारीत बंद झाल्याचे जाहीर झाले, आणि पत्रिकेची पारख करण्याची जबाबदारी पुन्हा संस्थांवर, म्हणजे आपल्यावर आली. संशोधनाच्या मूल्यमापनाविषयीच्या 2012 च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने व्यक्तीच्या मूल्यमापनासाठी इम्पॅक्ट फॅक्टर वापरू नये असे म्हटले आहे, आणि त्याच विषयावरील 2015 च्या लायडन जाहीरनाम्याचे पहिलेच तत्त्व सांगते की आकड्यांनी तज्ज्ञांच्या मताला साहाय्य करावे. त्यांची जागा घ्यावी असे तिथे कुठेही म्हटलेले नाही.

म्हणून आपल्याला काही गोष्टींची विनंती करतो. अर्जासोबत उमेदवाराने स्वतः निवडलेले तीन निबंध आणि प्रत्येकाबद्दल एक पान मागवावे : प्रश्न काय होता, त्यातले स्वतःचे काम कोणते, आणि ते आकडे किंवा ते निष्कर्ष पुढे कोणी वापरले. वापरणारा संशोधक असो, ग्रामपंचायत असो की खाणकाम खाते, ते तिथे लिहिता यावे. हे पान मराठीतही स्वीकारावे. उद्धरणांचा आकडा देताना तो गूगल स्कॉलरचा आहे, स्कोपसचा की वेब ऑफ सायन्सचा हे लिहिणे बंधनकारक करावे, कारण गूगल स्कॉलरमध्ये प्रबंध, अहवाल आणि परिषदांची लेखनेही धरली जात असल्याने एकाच माणसाचे तीन ठिकाणचे आकडे बरेच वेगळे येतात, आणि एका उमेदवाराचा एक व दुसऱ्याचा दुसरा घेऊन केलेली तुलना उघड अन्याय आहे. स्वतःच स्वतःला दिलेली उद्धरणे वेगळी दाखवावीत, पण ती आपोआप दोष मानू नयेत, कारण त्याच घाटावर दहा वर्षे काम करणाऱ्याला आपलाच आधीचा तक्ता दाखवावा लागतो. पर्यावरणीय भूरसायनशास्त्र, समस्थानिकांचा अभ्यास आणि शैलरसायन या शाखांत काम करणाऱ्यांची आणि नोकरीची वर्षे भिन्न असलेल्यांची एकाच रांगेत तुलना टाळावी. आणि विषयतज्ज्ञाने ते तीन निबंध वाचले असल्याचे, अर्ध्या पानाच्या का होईना, लेखी मत कार्यवृत्ताला जोडावे. आव्हान आले तर न्यायालयापुढे तक्त्यातील बेरजेपेक्षा ते अर्धे पान अधिक टिकेल असे मला वाटते, कारण त्यात कारण लिहिलेले असेल.

यातला खर्च वेळेचा आहे. भूरसायनशास्त्राचा एक निबंध नीट वाचायला मला दोन ते तीन तास लागतात. पाच उमेदवारांचे पंधरा निबंध म्हणजे साधारण एक आठवडा. सध्या विषयतज्ज्ञाकडे फाइल आदल्या दिवशी, कधी तर बैठकीच्या टेबलावरच येते. ती पंधरा दिवस आधी पाठवण्याचा निर्णय कुलगुरूंच्या एका परिपत्रकाने होऊ शकतो.

भूरसायनशास्त्राच्या जागांसाठी असे वाचन करायला राज्यात माझ्यासारखे निवृत्त लोक आहेत. माझ्यापुरते सांगायचे तर कोणत्याही विद्यापीठाने निबंध पाठवावेत, मी ते मानधन न घेता वाचून लेखी मत देईन, आणि ज्या उमेदवाराशी माझा पूर्वी संबंध आला असेल त्याची फाइल कारण लिहून परत करीन. फाइल मात्र तक्त्यात गुण भरण्याआधी पाठवावी, एवढीच अट आहे.

आपला विश्वासू,
भूरसायनशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक